धक्क्यावरचा तवंग आणि गावाच्या मुलांची पोहण्याची जागा

प्रश्न थोडक्यात असा: जावळी तालुक्यात कोयनेच्या बॅकवॉटरवर गावाचा बोट क्लब आहे. अठरा बोटी, बहुतेक आउटबोर्ड (मागच्या कडेला बाहेरून टांगलेल्या) इंजिनाच्या, दोन-तीन जुन्या डिझेलच्या. धक्क्यापाशी पाण्यावर रंगीत तवंग असतो, वास येतो. गावाच्या नळयोजनेची जॅकवेल (जिथून पाणी उपसलं जातं ती विहीर) तिथून चारशे मीटरवर आहे. दर महिन्याला स्वच्छता मोहीम निघते, तरी फरक पडत नाही. शिवाय गावातल्या मुलांना पोहायला आणि वल्हवायला सुरक्षित जागा करून द्यायची आहे. सुरुवात कुठून करावी?

मोहीम चालू ठेवा, पण तिनं तवंग जाईल ही अपेक्षा सोडा. बाटल्या आणि पत्रावळ्या डोळ्यांना खुपतात, म्हणून सगळे आधी त्यांच्यामागे लागतात. तुमच्या धक्क्यावरचं पाणी बिघडवणाऱ्या गोष्टींमध्ये पहिला नंबर बोटीच्या तळात साचणाऱ्या पाण्याचा, दुसरा इंधन भरण्याच्या पद्धतीचा, तिसरा शौचालयाचा. कचरा चौथा. पैसा आणि माणसं याच क्रमानं लावा.

‘एवढ्या मोठ्या धरणात चमचाभर तेलानं काय होतंय’ असं बैठकीत कुणीतरी म्हणणारच. धरण 105 टीएमसीचं आहे हे खरं, पण मुलं पोहणार आहेत ती धक्क्याच्या कोपऱ्यात. तो कोपरा 50 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद धरला तर 2,000 चौरस मीटर होतात, म्हणजे जेमतेम वीस गुंठे. तेल खाली मिसळत नाही, वर पसरतं, त्यामुळे खाली पाणी किती खोल आहे याचा इथे उपयोग नाही. इंद्रधनुष्यासारखे रंग दिसायला सुमारे 0.3 मायक्रॉनचा थर पुरतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्या हिशेबानं एक लिटर तेल 3,300 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 33 गुंठे झाकतं. आता अठरा बोटींमधून रोज प्रत्येकी 30 मिली तेल पाण्यात गेलं असं समजा. खोकल्याच्या औषधाचं माप तीनदा भरेल एवढंच. बेरीज 540 मिली. तुमचा अख्खा कोपरा जवळपास रंगला, आणि कुणालाच आपण काही सांडलं असं वाटलेलं नाही.

हे 30 मिली येतं कुठून ते पाहायचं तर सकाळी पहिली फेरी निघायच्या आधी धक्क्यावर उभे राहा. चालक बोटीत उतरतो, फळी उचलतो, खाली चार बोटं काळपट पाणी असतं. रात्रीचं दव, कालच्या प्रवाशांच्या पायाचं पाणी, एखाद्या फटीतली झिरपण, आणि त्यावर इंजिनाच्या खालच्या बाजूनं ठिबकलेलं ऑइल, ग्रीस, इंधनाच्या नळीच्या जोडातून पाझरलेलं पेट्रोल. तो उपसायचा मग घेतो आणि सगळं बोटीच्या काठाबाहेर फेकतो. पाच मिनिटांत अठरा बोटी रिकाम्या, आणि पर्यटक यायच्या आत तवंग तयार.

इथे उपसण्याची पद्धत बदलायची. प्रत्येक बोटीच्या तळात तेल शोषणारी एक उशी कायमची ठेवा. बाजारात पॉलिप्रोपिलीनची मिळते आणि ती उत्तम आहे, पण तुमच्या डोंगरात याहून स्वस्त माल आहे: सावरीचा कापूस. काटेसावर असो की पांढरी सावर, तिच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे तो पाणी घेत नाही आणि तेल स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पितो. बोंडं उन्हाळ्यात फुटतात तेव्हाच वर्षाचा साठा करा. मच्छरदाणीच्या कापडाची 30 बाय 20 सेंटिमीटरची पिशवी शिवा, त्यात सुमारे 100 ग्रॅम कापूस सैल भरा (ठासला तर मधला कापूस कोराच राहतो), आणि मीटरभर दोरीनं ती फळीला बांधून ठेवा. औषधाच्या दुकानातला कापूस वापरू नका. तो धुतलेला असतो, मेण गेलेलं असतं, त्यामुळे तो पाणी पिऊन तळाशी बसतो. जुन्या सुती चिंध्यांचंही तेच.

उपसताना हा मग पृष्ठभागावर फिरवायचा नाही. तेल वर असतं, म्हणून भांडं आडवं न करता सरळ खाली दाबून तळातलं स्वच्छ पाणी काढायचं, आणि शेवटचं दोन बोटं पाणी बोटीबाहेर न टाकता बादलीत घ्यायचं. ही बादली काठावरच्या 200 लिटरच्या पिंपात रिकामी करायची. पिंपाला बुडापासून चार बोटांवर तोटी बसवा. दिवसभर स्थिर राहिलं की तेल वर येतं, आणि तोटीतून खालचं पाणी छपराखालच्या उथळ पत्र्याच्या ट्रेमध्ये सोडायचं. तुमच्याकडच्या कोरड्या हवेत एक चौरस मीटरच्या ट्रेमधून रोज चारपाच लिटर पाणी उडून जातं. अठरा बोटींसाठी चार-पाच ट्रे पुरावेत. ट्रेमधलं पाणी चरात सोडू नका, तो चर शेवटी धरणातच उतरतो. पिंप आणि ट्रे मोकळ्या हवेत, चुलीपासून आणि विडीपासून लांब. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते आणि दहा पावलांवरच्या निखाऱ्यावर पेट घेऊ शकते.

डिझेलच्या बोटींमध्ये पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा जिथून बाहेर पडतो तिथला ग्लँड, म्हणजे डोरी भरून पाणी अडवणारा जोड, तपासा. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून दांडा फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पाणी यायलाच हवं, त्यानंच तो थंड राहतो. बोट उभी असताना मात्र ठिबक बंद हवी. धार लागली असेल तर नट एका वेळी पावपाव फेराच आवळा आणि हात लावून पाहा. गरम लागला तर जास्त आवळलात. आवळूनही थांबत नसेल तर ग्लँडची डोरी संपली आहे. नवी भरताना जुन्या डोरीवर नवी चढवू नका, सगळी काढा, आणि प्रत्येक वेढ्याचा जोड आधीच्या जोडासमोर येऊ देऊ नका. ग्लँड गळतो म्हणून तळात पाणी जास्त, पाणी जास्त म्हणून उपसा जास्त, उपसा जास्त म्हणून तवंग. एका डोरीनं हे सगळं कमी होतं.

तवंग दिसला की कुणीतरी भांड्याची पावडर किंवा लिक्विड साबण टाकतो आणि तो ‘गेला’ म्हणून खूश होतो. तवंग फुटून बारीक थेंबांच्या रूपानं पाण्यात उतरलेला असतो, एवढंच. वर होता तेव्हा उशीनं उचलता आला असता, आता येत नाही. शिवाय मासळीच्या कल्ल्यांना साबण आणि तेलाचं मिश्रण नुसत्या तेलाहून वाईट. यावर क्लबचा दंड असावा, आणि तो पहिल्याच दिवशी लावावा.

इंधनाचं गणित थोडं वेगळं आहे. पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण हजारात एक भाग. सकाळी वीस अंशांना वीस लिटरचा डबा गळ्यापर्यंत भरला आणि दुपारी उन्हात तो चाळीस अंशांपर्यंत तापला, तर सुमारे 400 मिली पेट्रोलला आत जागाच उरत नाही. ते झाकणाच्या हवेच्या भोकातून बाहेर येतं. म्हणून टाकी दहापैकी नऊ भागच भरायची आणि सावलीत ठेवायची. सुटी टाकी बोटीत ठेवून भरायची नाहीच. काठावर, वाळू भरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवून भरायची. नरसाळ्याला बारीक जाळी हवी, आणि नरसाळं काढल्यावर ते उलटं टांगायला वेगळा डबा हवा. बहुतेक थेंब भरताना पडत नाहीत, नरसाळं काढून हातात धरून ‘आता ठेवू कुठं’ असं बघताना पडतात. इंधन भरायची जागा जॅकवेलच्या विरुद्ध बाजूला न्या, काठापासून किमान पंधरा मीटर वर.

जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात 20 ते 30 टक्के इंधन न जळताच बाहेर पडतं. त्यातलं पेट्रोल बरंचसं उडून जातं, ऑइल पाण्यावर राहतं. पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण 50:1 असेल तर लिटरला 20 मिली ऑइल, तेवढंच घाला. ‘थोडं जास्त घातलं तर इंजिन टिकतं’ ही समजूत प्लग काळा करते आणि धूर वाढवते. प्रमाण मात्र इंजिनाच्या पुस्तकातलंच धरा. ऑइल टीसी-डब्ल्यू-3 प्रकारचं, पाण्यातल्या इंजिनासाठीचं हवं; मोटरसायकलचं नको. केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनांचा तवंग जास्त वेळ टिकतो, कारण केरोसीन पेट्रोलसारखं पटकन उडत नाही. सगळी इंजिनं एकदम बदलणं कुणाला परवडणार नाही. तोवर धक्क्याला बांधून दहा-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची सवय मोडा, आणि पुढच्या वेळी इंजिन घ्याल ते फोर-स्ट्रोकच, असा ठराव करून ठेवा. ऑइल बदलणं बोटीत नको. आउटबोर्ड काढून काठावर आणायचं, ते शक्य नसेल तर डिपस्टिकच्या भोकातून हातपंपानं ऑइल ओढायचं. जुनं ऑइल बंद डब्यात साठवून परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या. ते कुंपणाच्या लाकडाला फासणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे, पण पहिल्या वळवानंतर ते कुठे जातं हे सांगायला नको.

बोट धुण्याबद्दल फार लिहीत नाही: गोड्या पाण्यात शिंपले-कालवं चिकटत नाहीत, नुसतं बुळबुळीत शेवाळ धरतं. तांबं असलेला समुद्री रंग तुम्हाला लागत नाही, दुकानदार कितीही सांगो. बोट काठावर ओढून काथ्याच्या ब्रशनं आणि साध्या पाण्यानं घासा. लोखंडी बोटीचा जुना रंग खरवडताना खाली ताडपत्री हवीच, त्या भुकटीत शिसं असण्याची शक्यता असते. आणि कुणी कृष्णेवरून, सांगली-मिरजेकडून, वापरलेली होडी किंवा कयाक आणत असेल तर ती पाण्यात सोडण्याआधी कानाकोपऱ्यातली जलपर्णी काढून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा. जलपर्णीचा एक तुकडा तुमच्या शांत कोपऱ्यात आला की दोन आठवड्यांत दुप्पट होतो.

आता धक्का. कोयनेचं पाणी पावसाळा संपला की जूनपर्यंत उतरत जातं, वीज आणि सिंचन दोन्हीसाठी. त्यामुळे पक्का धक्का चार महिने कामाचा आणि बाकी वर्ष चिखलात उभा. तरंगता धक्का करणार असाल तर 200 लिटरचं एक पिंप पूर्ण बुडाल्यावर साधारण 200 किलो उचलतं, पण हिशेब अर्ध्यावरच धरा. बारा पिंपांचा धक्का म्हणजे 1,200 किलो. त्यातून सांगाडा, फळ्या आणि पिंपांचं स्वतःचं वजन वजा करा. पिंपं अन्नपदार्थांची घ्या. रसायनांची घेतलीत तर ती कुणीतरी धरणातच विसळणार. थर्माकोलचे उघडे ठोकळे तर अजिबात नकोत, दुसऱ्या वर्षापासून त्यांचे मणी सुटू लागतात आणि मासे ते खातात. पाणी उतरेल तसा धक्का दर पंधरा दिवसांनी सरकवावा लागेल. पंख्याखाली दीड मीटर पाणी नसेल तर प्रत्येक फेरी गाळ ढवळते, पाणी गढूळ होतं आणि गाळात बसलेलं सगळं वर येतं. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होत असेल तर त्या शेतकऱ्यांशी बोला: शेवटचं खत आणि फवारणी मे महिन्यात नको, कारण जूनमध्ये ते थेट पाण्यात येतं.

बॅकवॉटरला नदीसारखी धार नसते. तिथे वारा ठरवतो काय कुठे जाईल. चार दिवस सकाळ-दुपार बघा, फेस, पानं आणि बाटल्या कोणत्या कोपऱ्यात गोळा होतात. तो कोपरा म्हणजे तुमचं फुकटचं गाळणं. तिथे बांबूला बांधलेली जाळी आणि सावरीच्या उशांची माळ लावा, रोज संध्याकाळी एक माणूस उचलेल. मुलांची पोहण्याची जागा याच्या बरोबर उलट, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, इंधनापासून आणि बोटींच्या वाटेपासून शक्य तितकी लांब.

ही जागा 25 बाय 15 मीटरची पुरे, दोरीला दर दोन मीटरवर पाच लिटरचे रंगीत कॅन बांधून आखा. कॅन औषधफवारणीचे नकोत. खोली मुलांच्या छातीपर्यंत. पण कोयनेत खरा धोका पाण्याखालच्या जुन्या गावाचा आहे: शेतांच्या ताली, झाडांचे बुंधे, विहिरी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना काठावर बसवून विचारा, खाली कुणाचं वावर होतं, विहीर कुठे होती. त्यानंतरच लांब बांबूनं एक-एक पाऊल चाचपा, आणि पाणी उतरून जागा सरकली की पुन्हा चाचपा. उतरलेल्या काठावरचा गाळ गुडघ्यापर्यंत पाय ओढतो. तिथे मुरूम टाका किंवा बांबूच्या चटया अंथरा. दोरीच्या आत मूल असेल तर काठावर मोठं माणूस, हातात दोर बांधलेली ट्यूब, हा नियम मोडायचा नाही.

आठवड्यातून एक सकाळ, समजा रविवारी सात ते नऊ, सगळी इंजिनं बंद ठेवा आणि पाणी वल्ह्यांच्या होड्यांना द्या. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यतींना घाट भरतो. तशी एक छोटी शर्यत दोन वाड्यांमध्ये लावली तरी गाव पाण्याशी येतं. याचा पाण्याच्या स्वच्छतेशी थेट संबंध आहे. ज्या चालकाची मुलगी रविवारी त्याच कोपऱ्यात वल्हवते, तो सोमवारी मगभर तेलकट पाणी फेकताना इकडेतिकडे बघतो. (सांगलीच्या घाटाची नक्कल मात्र पूर्ण करू नका. तिथला मुख्य प्रश्न शेरी नाल्यातून नदीत येणाऱ्या शहरी सांडपाण्याचा आहे, त्याला तुमच्या उशा पुरणार नाहीत.)

शौचालय नसेल तर वरचं सगळं निम्मं वाया. वासोटा किल्ल्याकडे जाणारा प्रवासी बोटीत तास-दीड तास बसतो. निघण्याआधी जागा मिळाली नाही तर तो जाईल कुठे ते उघड आहे. शौचालय धरण पूर्ण भरल्यावरच्या रेषेपासून किमान 30 मीटर वर हवं, आजच्या पाण्यापासून मोजू नका. तुमच्याकडच्या जांभ्यात आणि मुरमात शोषखड्ड्याचं पाणी भेगांतून फार लवकर पुढे सरकतं, त्यामुळे खड्ड्याचं बूड आणि भूजल यांत पावसाळ्यातही दोन मीटर अंतर राहील का ते विहिरीच्या पातळीवरून ठरवा. राहत नसेल तर बंद टाकी आणि मैला उपसणारी गाडी, दुसरा मार्ग नाही. वाहनतळावरचं तेल पावसाच्या पाण्याबरोबर धरणात उतरू नये म्हणून त्याच्या खालच्या अंगाला समपातळीत फूटभर खोल चर काढून त्याच्या कडेनं वाळा लावा.

कचऱ्याचं एका ओळीत: डबे धक्क्यावर नकोत, वारा आणि माकडं ते पाण्यातच ओततात. तिकिटाच्या खिडकीपाशी बाटलीमागे 50 रुपये ठेव घ्या आणि परत आणली की द्या.

पाणी सुधारलं की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. वीस सेंटिमीटरची स्टीलची ताटली घ्या, चार भाग करून आळीपाळीनं काळे-पांढरे रंगवा, मधे भोक पाडून खाली वजन आणि वर दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूनं सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली वहीत लिहा. सोबत एचटूएसच्या (मैल्याचे जंतू असले की काळ्या पडणाऱ्या) तपासणी बाटल्या भरा, एक धक्क्यावरून, एक जॅकवेलपाशी, एक मधल्या पाण्यातून. उघड्या पाण्यात तिन्ही काळ्या पडू शकतात, त्यामुळे नुसतं काळं-पांढरं बघू नका, कोणती किती तासांत काळी झाली ते बघा. धक्क्याची बारा तासांत आणि मधली चाळीस तासांत, तर मैला तुमच्याकडूनच जातोय. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते ग्रामपंचायतीत विचारा आणि हे काम त्यांच्याकडेच द्या. वर्षातून दोनदा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात, कास मार्गे त्याच दिवशी साताऱ्याच्या प्रयोगशाळेत पोचवा. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष 100 मिलीत एकूण कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जंतू) 500 पर्यंत, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत असा आहे. पोहण्याची जागा उघडायची ती हा अहवाल हातात आल्यावर.

यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 खाली येते, आणि पलीकडचा काठ अभयारण्याचा असेल तर वन खात्याशी आधी बोला.

पाऊस लागण्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, बोटी भरलेल्या धरणाच्या रेषेच्या वर ओढा, इंधनाच्या टाक्या रिकाम्या करा, तळ पुसून बुडाचा बूच काढून ठेवा. बूच तसाच राहिला तर पावसाचं पाणी बोटीत भरतं, तळातलं उरलेलं तेल वर येतं आणि काठावरून ओघळतं, आणि मग सप्टेंबरात बोट पाण्यात सोडायच्या आधीच तवंग तुमची वाट बघत असतो. काढलेले बूच बोटीच्या नंबरासह एकाच डब्यात ठेवा.